रस्त्याला न लागलेले बूट

भोईवाडा, परळ
बुधवार, ८ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,

आशीर्वाद सोबत आहेत. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू ठरव.

माझा नंबर तू फोनवर अडवलास त्याला येत्या उन्हाळ्यात नऊ वर्षं होतील. कालिंदीचा अडवला नाहीस, आईचा नाहीस, त्यामुळे यंत्रात बिघाड असावा हे माझं अनुमान सुरुवातीलाच कोसळलं. टपालखात्यात अशी सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. तुझा पत्ता कालिंदीच्या वहीतून चोरला. 'नातेवाईक' या पानावर तो नव्हता. 'गॅस, दूध, इस्त्रीवाला' या पानावर होता. नवऱ्याची नजर कुठल्या पानावर पडत नाही, हे बायकोला पक्कं ठाऊक असतं.

हे पत्र भाऊ म्हणून लिहीत नाही, पेशंट म्हणून लिहितो आहे. तू तिकडे तमिळनाडूत, अंबूरला बुटांच्या कारखान्यात दुखऱ्या पायांसाठी बूट करतेस असं (माझ्यापासून लपवून) घरात बोललं जातं. माझा एक पाय सध्या दुखरा आहे. एवढाच आपला संबंध.

आठ महिने डावी टाच धरली आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर खिळा ठोकल्यासारखं होतं. दहा पावलांत खिळा बोथट होतो. तासभर बसून उठलं की पुन्हा धार लावलेला मिळतो. उपाय सगळे झाले. आईनं रुईचं पान तेल लावून शेकलं. कालिंदीनं बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायला लावली. बाटली कपाटाखाली गेली आणि ती काढताना माझी कंबर गेली. दादरच्या बाजारातून मऊ मऊ गाद्या आणून चपलेत घातल्या. चालताना पाय बाहेर पडला, गाद्या आत राहिल्या. अखेर हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक पट्टा जातो, तो सुजला आहे, त्याला सक्तीची विश्रांती हवी. म्हणून परवापासून गुडघ्याखाली फायबरचं प्लास्टर. सहा आठवडे. रंग गुलाबी. 'दुसरा नाही का?' असं विचारलं, तर प्लास्टर करणारा म्हणाला, 'काका, निळा होता, तो आत्ताच एका बाईंना गेला.'

प्लास्टरखाली एक रबरी ठोकळा बसवला आहे, चालण्यासाठी. आणि इथेच माझी अडचण. या ठोकळ्यामुळे डावा पाय उंच झाला. आयुष्यात प्रथमच मी कुणापेक्षा तरी उंच झालो, तेही स्वतःच्या उजव्या पायापेक्षा. टाच थोडी शांत आहे, पण उजवा खुबा ओरडू लागला आहे. एकतीस वर्षं शाळेत फळ्यापुढे उभा राहून संस्कृतचे धातू चालवले. आता स्वतःला चालवता येत नाही.

तर प्रश्न असा: उजव्या पायात काय घालावं? उत्तर पोस्टकार्डावर चालेल. ख्यालीखुशाली लिहायची गरज नाही. आई तुझी आठवण काढते, असं मी मुळीच लिहिणार नाही.

रघुवीर
(दादा हा शब्द वापरण्याची परवानगी अजून मागितलेली नाही.)


भोईवाडा, परळ
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,

तुझं पाकीट मिळालं. कालिंदी म्हणाली, 'उत्तर आलं!' आई देवघरातून उठून आली. मी मोठ्या गांभीर्यानं पाकीट फोडलं. आत दोन पानी छापील फॉर्म. वर पेन्सिलीनं एक ओळ: 'सगळे रकाने भर. गप्पा नकोत.'

रकाने भरले आहेत. गप्पा वेगळ्या कागदावर लिहितो आहे, म्हणजे तुझ्या सूचनेचा भंग होत नाही.

'प्लास्टरच्या तळाची एकूण जाडी' या रकान्यानं घरात अर्धा दिवस खाल्ला. मी खुर्चीचा टेकू घेऊन उभा आणि कालिंदी हातात पट्टी घेऊन लादीवर आडवी. तेवढ्यात पुतळाबाई आली. शीव कोळीवाड्यातून दर रविवारी आपल्याकडे मासळी घेऊन येते ती, तुला आठवत असेल. तिनं दारातूनच पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

'काय गो वैनी, पाया परतेस का नवऱ्याचे? का मेलीस?'

'मोजतेय,' कालिंदी जमिनीवरून म्हणाली.

'आता मोजतेस? लगनाआधी मोजाचा व्हता!'

साडेतीन सेंटिमीटर भरले. उजव्या चपलेचा तळ एक. फरक अडीच. ठोकळा नेमका टाचेखाली आहे की पुढे सरकलेला, असंही तू विचारलं आहेस. जरा पुढे आहे, पावलाच्या मध्याकडे. त्यामुळे चालताना मी आधी मागे कलतो, मग विचार करतो, मग पुढे येतो. 'पाऊल बाहेर वळतं का?' वळतं. राणीच्या बागेतली बदकं मला भाऊबंद समजतील. 'चालताना आवाज?' डाव्याचा टक, उजव्याचा सर्र, आणि मागून कालिंदीचा 'अहो, जपून.'

'वेदना, शून्य ते दहा': सकाळी पाच, दुपारी तीन, शाळेचा जिना चढताना सहा. घरात तुझं नाव निघालं की किती, असा रकाना फॉर्मात नाही. पुढच्या आवृत्तीत घालावा.

शेवटचा प्रश्न मात्र मला जाणूनबुजून घातल्यासारखा वाटला. 'पादत्राणांमुळे यापूर्वी झालेली इजा.' मी लिहिलं आहे: 'एक. सुमारे नऊ वर्षांपूर्वी. पायाला नाही.' त्या दिवशी काही गैरसमजातून तुझे बूट गॅलरीतून खाली गेले, त्याला अनेक कारणं होती. ती सगळी या छोट्या रकान्यात मावत नाहीत.

आई ठीक आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिचं चालणं माझ्यापेक्षा सरळ आहे आणि ते ती दिवसातून चारदा दाखवून देते.

रघुवीर


भोईवाडा, परळ
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास,

सँडल आली! फक्त उजवी. खोक्यात दुसरी सापडेना म्हणून आई खोकं उलटं करून झटकत होती. 'एकच धाडल्यान? दुसरी खय?' मी तिला उंचीचं गणित समजावलं. ती म्हणाली, 'पोरीन पुढे शिकून बरा केल्यान,' आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या पाहण्यावर मी काही भाष्य करत नाही.

तुझी चिठ्ठी: 'उजव्या पायात. दिवसभर.' पाच शब्दही नाहीत, पण मान्य.

काय सांगू! पहिल्याच दिवशी खालून नाक्यापर्यंत गेलो आणि आलो. दोन्ही खांदे एका पातळीत. भोईवाडा कोर्टाबाहेर काळे कोट उभे असतात, त्यातल्या एकानं मला वाट करून दिली. अशा ऐटीत चालणारा माणूस फिर्यादीच असणार, असं त्याला वाटलं असेल. ठोकळ्याची पुढची कड मी घासून थोडी गोल करून घेतली, खोक्यात तू घातलेल्या आकृतीप्रमाणे. आता पाऊल अडखळत नाही, पाळण्यासारखं पुढे झुलतं.

फक्त एक कोडं आहे. रस्त्यावर सगळं उत्तम, आणि घरी आलो की खुबा पुन्हा सुरू. पुतळाबाईच्याही ते लक्षात आलं. खालून मला चालत येताना तिनं पाहिलं होतं, मग वर येऊन गॅलरीतून घरात पाहिलं.

'मास्तर, रस्त्याव तं हिरोसारखे चालता. घरान शिरल्याव काय होतं तुम्हाला? बायकोचा भेव?'

मी म्हटलं, तेही एक कारण असू शकेल.

घरात शिरण्यावरून सुरुवातीला आमच्याकडे मोठा शास्त्रार्थ झाला, तो तुला कळायला हवा. पूर्वपक्ष आईचा: प्लास्टरचा ठोकळा रस्त्यावरून येतो, तो स्वयंपाकघरात कसा चालेल? उत्तरपक्ष माझा: प्लास्टर काढता येत नाही, जे काढता येत नाही ते पादत्राण नसून पायच होय, आणि पाय धुऊन आत घेतात. प्लास्टर भिजवायचं नाही, म्हणून आई दारात ओल्या फडक्यानं ठोकळा पुसते आणि मला आत सोडते. सँडल मात्र काढता येते, म्हणून ती निःसंशय पादत्राण. ती उंबऱ्याबाहेर, इतरांच्या चपलांशेजारी ठेवतो. निकालावर दोन्ही पक्ष समाधानी आहेत.

आणखी एक. गिरगावच्या संस्कृत पाठशाळेत रविवारी गेलो होतो. अण्णाशास्त्रींनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, सँडलचं फार कौतुक केलं. कुठून मागवली विचारलं. मी म्हटलं, ऑर्डर देऊन. मग तुझी चौकशी केली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की ती दक्षिणेत आहे, संशोधनात. 'वा!' म्हणाले. तुझ्याबद्दल तिथे किती आदर आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

रघुवीर


भोईवाडा, परळ
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शना,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमननं आधी वाचलं असणार, कारण देताना तो माझ्या पायाकडे बघत होता.

'घरात सँडल काढतोस! प्लास्टर आहे तेवढंच उंच राहतं आणि उजवा पाय साडेतीन सेंटिमीटर खड्ड्यात जातो. दिवसातले सोळा तास तू घरात असतोस. दिवसभर म्हणजे घरातसुद्धा. संस्कृत शिकवतोस ना?'

शेवटचं वाक्य वैद्यकीय नव्हतं, पण ते सोड.

मी कार्ड तीनदा वाचलं. ज्या घराच्या उंबऱ्यावर माणसाची अक्कल चपलांबरोबर बाहेर राहते, तिथेच हे घडू शकतं. एका पायाचं पादत्राण सोवळं म्हणून आत घ्यायचं आणि दुसऱ्याचं ओवळं म्हणून बाहेर ठेवायचं, मग दोन आठवडे लादीवरून लंगडत कालिंदीला सांगायचं की खुब्याला हवा लागली असेल.

मग प्रश्न उरला, सँडल आत आणायची कशी. रस्त्यावर फिरून आलेली ती. मी म्हटलं, धुऊन घेऊ. आई नको म्हणाली. म्हटलं, कापड गुंडाळू. गुंडाळलं, लादीवर घसरलो आणि फ्रिजला मिठी मारली. कालिंदी म्हणाली, 'दर्शनाला फोन करून अजून एक मागवते, फक्त घरात घालायला.' मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. नवी असली तरी चप्पलच ती, तीही चामड्याची.

आई निवडत होती ती मेथी तिनं बाजूला ठेवली. म्हणाली, 'चपल म्हणजे काय रे? जी रस्त्याक लागली ती चपल. रस्त्याक लागाक नाय, ती नुसती वस्तू. चमचो तशी ती.'

मी म्हटलं, 'याला आधार काय?'

'आधार कसलो? मी सांगतंय.'

आणि मग, मेथीची जुडी पुन्हा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता: 'त्या दिवशी माझ्या चेडवाचे बूट नवेच होते. रस्त्याक लागले ते तुझ्या हातान.'

दर्शना, गैरसमज वगैरे काही नव्हता. बूट गॅलरीतून खाली 'गेले' नाहीत. मी फेकले. तू पहिल्यांदा स्वतः कापून, शिवून, साच्यावर चढवून केलेला जोड होता तो. तपकिरी. कालिंदीच्या इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर, आईला दाखवायला मांडला होतास. आणि त्या संध्याकाळी पाठशाळेचे दोघे जण घरी यायचे होते, मला कार्यवाह करावं का ते ठरवायला. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुला वाटलं, मला चामड्याचा विटाळ झाला. झाला असता तर बरं, निदान काही श्रद्धा म्हणता आली असती. मला भीती वाटली. गिरणीतल्या धोंडूचा मुलगा संस्कृत बोलतो याचं त्या लोकांना कौतुक होतं. कौतुक आणि खुर्ची यांत बरंच अंतर असतं, आणि ते तू केलेल्या बुटांनी वाढेल असं मला वाटलं. तू जिना उतरून बूट उचलायला गेलीस आणि वर आलीच नाहीस.

ते दोघेही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तुम्हीच कार्यवाह.

दुसरी सँडल पाठवू नकोस. शनिवारी प्लास्टर निघतं आहे. तोवर मी कालिंदीच्या सल्ल्यानं घरात उजव्या पायाखाली एक जाड वही बांधली आहे. नववीच्या सहामाहीचे गुण आहेत त्यात. इतका भरीव उपयोग त्यांचा पूर्वी झाला नव्हता.

रघुवीर


भोईवाडा, परळ
मंगळवार, ४ मार्च २०२५

दर्शना,

परवाचं सगळं तुझ्यासमोरच घडलं. तरी लिहितो, कारण बराच वेळ तू खाली वाकलेली होतीस आणि माझं तोंड तुला दिसत नव्हतं.

बुटांच्या प्रदर्शनासाठी मुंबईत येते आहेस, हॉटेलात उतरणार आहेस, रस्त्यावर उभी राहून माझी चाल बघणार आहेस आणि वर येणार नाहीस, असं तू कालिंदीला कळवलंस. अटी मला मान्य होत्या. प्लास्टरमधून निघालेला पाय अळूच्या देठासारखा झाला होता. टाच बरीच निवळली होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की अनवाणी चाललात तर महिन्याभरात पुन्हा माझ्याकडे याल, आणि तेव्हा सुई घेऊन बसलेला असेन.

रविवारी सकाळी नऊला मी खाली उतरलो तेव्हा तू पानवाल्याशेजारी उभी होतीस. चष्मा नवा. केस कापलेस. मी काय बोलावं याची तीन वाक्यं पाठ केली होती. तू फोन समोर धरलास आणि म्हणालीस, 'चाल.'

चाललो. आठ फेऱ्या. चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या. वरून कुणीतरी ओरडलं, 'मास्तर, फॅशन शो का?' पुतळाबाईनं टोपली उतरवून रस्ता अडवून धरला, माझ्या आड कुणी येऊ नये म्हणून. तू फोनमध्ये बघून बघून कपाळाला आठ्या घालत होतीस.

'रस्त्यावर तू नीट चालतोस,' शेवटी म्हणालीस. 'तुझा घोळ घरातला आहे. लादी बघायला हवी मला.'

'बघ की,' मी म्हटलं.

'लादीसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही.'

'लादी तिसऱ्या मजल्यावर आहे,' मी म्हटलं, आणि पुढे झालो. मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं. तुझ्या पायांचा आवाज येतो आहे का, तेवढंच ऐकत चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर तू थांबलीस. मीही थांबलो. तू म्हणालीस, 'उजवी टाच आधी टेकवतोस, म्हणून दम लागतो.' मग पुन्हा आवाज येऊ लागला.

आई दारात होती. 'आलंस?' म्हणाली, जणू तू खाली कोथिंबीर आणायला गेली होतीस. मग लगेच आत गेली आणि बराच वेळ डबे काढत आणि ठेवत राहिली. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

तू लादीवर हात फिरवलास, पलंगापासून मोरीपर्यंत माझी पावलं मोजलीस, मला खुर्चीत बसवलंस आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून माझा डावा पाय हातात घेतलास. आता त्याला काय करू? धाकटं माणूस पायाशी वाकलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं. 'आयुष्मती भव,' मी म्हटलं.

'गप बस, मोजतेय.'

आणि त्याच क्षणी तुझा अंगठा नेमका त्या जागी बसला. माझी किंकाळी कोर्टापर्यंत गेली असेल. शेजारचे धावत आले. तू वर न बघता म्हणालीस, 'हां. इथेच.' डॉक्टरांना न सापडलेली नेमकी जागा तुला एका अंगठ्यात सापडली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते वेदनेचं होतं. निम्मं तरी.

मी बोलायला तोंड उघडलं. तुला कळलं. पायाचा ठसा घेता घेता, कागदावरून पेन्सिल फिरवत तू म्हणालीस, 'माफी नको मागूस, दादा. तुझं पत्र वाचलं. माझ्यापुढे कबूल करायला काय जातं तुझं? ज्यांच्यासाठी फेकलेस, त्यांना सांग एकदा. बहीण काय करते ते. संशोधन म्हणे!'

नऊ वर्षांनी 'दादा' ऐकला. पण त्याच्या पुढचं वाक्य एवढं जड होतं की मला तो नीट ऐकताही आला नाही.

आईनं केलेला सांजा तू उभ्या उभ्या खाल्लास. बसली नाहीस. फॉर्म पुन्हा भरून घेतलास आणि शेवटी विचारलंस, 'आणखी काही तक्रार?' मी नाही म्हटलं. सवयीनं.

दादा


भोईवाडा, परळ
सोमवार, ३१ मार्च २०२५

दर्शू,

बूट गुरुवारी पोचले. आईनं चष्मा लावून दोन्ही तळ तपासले, बोटानं घासले, वास घेतला आणि प्रमाणपत्र दिलं: 'लागाक नाय. घाल.' सकाळी पलंगावरून खाली उतरलो तो थेट बुटांत. तळ दिसायला मऊ आणि आत घट्ट. टाच खोलगट वाटीत बसते आणि पुढची कड उचललेली असल्यामुळे पट्ट्यावर ताण यायच्या आत पाऊल आपोआप पुढे जातं. पहिलं पाऊल टाकलं. वाट बघितली. खिळा आला नाही. कालिंदीला हाक मारली. ती म्हणाली, 'ओरडू नका, उंबरठा ओलांडून दाखवा.' तसं करून दाखवलं. स्वयंपाकघरात गेलो. देवापुढेही उभा राहिलो. काही झालं नाही. देवाच्या बाजूनंही नाही.

काल पाडवा. पाठशाळेत पंचांगवाचन होतं. मी तुझे बूट कापडी पिशवीत घालून नेले. रस्ताभर जुनी सँडल आणि तिच्यासोबत तू मागाहून धाडलेली डावी. दारात सगळ्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या, पिशवीतून बूट काढले, घातले आणि आत गेलो.

सभागृहात तीसेक माणसं, सगळी मांडी घालून. लादीवर माझ्या बुटांचा आवाज होत नव्हता, तरी सगळ्यांनी ऐकला. अण्णाशास्त्रींनी पंचांग मिटलं.

'रघुवीर, पायांत काय आहे?'

'बूट.'

'इथे?'

'नवे आहेत, अण्णा. रस्त्याला लागलेले नाहीत.' आईचा निर्णय मी उभ्या सभेत प्रमाण म्हणून सांगितला. आधार कुणी विचारला नाही.

'घेतलेत कुठून?'

बाहेर शोभायात्रेचे ढोल वाजत होते. मला वाटलं, ते वाजत असताना बोललो तर निम्मं ऐकू जाणार नाही. म्हणून ढोल पुढे जाईपर्यंत थांबलो.

'घेतले नाहीत,' मी म्हटलं. 'माझ्या बहिणीनं केलेत. दर्शनानं. ती संशोधनात नाही. ते मी तुम्हाला नऊ वर्षं खोटं सांगितलं. ती बुटांच्या कारखान्यात आहे. चामडं कापते, साचे करते, बूट शिवते. पहिला जोड केला तेव्हा घरी दाखवायला आणला होता. तुम्ही यायच्या आत तो टेबलावरून नाहीसा व्हावा म्हणून मी तो तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर फेकला. तुम्ही काय म्हणाल याची मला लाज वाटली. खरं तर लाज वाटावी असं त्या दिवशी एकच काम झालं, आणि ते तिनं केलेलं नव्हतं.'

संस्कृतातला एकही शब्द वापरला नाही. पाठशाळेत मी पहिल्यांदाच इतकं सरळ बोललो असेन.

कार्यवाहपद तर गेलंच, असं धरून मी वळलो. अण्णाशास्त्री म्हणाले, 'थांबा. एक काढून द्या इकडे.'

दिला. त्यांनी तो उलटा केला, तळ वाकवून पाहिला, मग आत हात घातला. हात बराच वेळ आतच.

'टाचेला वाटी केली आहे.'

'हो.'

'सकाळी पहिल्या पावलाला...'

'खिळा?' मी विचारलं.

'डाव्या टाचेत,' ते हळूच म्हणाले. 'तीन वर्षं झाली.'

मागून आमचे खजिनदार म्हणाले, 'माझ्या दोन्ही.' मग खांबाशी बसलेले एक जण, मग त्यांच्या शेजारचे. इतकी वर्षं ही माणसं सकाळी लादीवर अनवाणी कण्हत असणार आणि इथे येऊन मांडी घालून गंभीर चेहऱ्यानं बसत असणार. आम्ही समजत होतो, ती विद्वत्ता आहे.

पंचांग राहिलंच. निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी एकेकाचा पाय उमटवून घेतला, जसा तू माझा घेतलास तसा: पेन्सिल सरळ धरून, घोट्यापाशी न कलवता. ते धोतर सावरत खांबाला धरून उभे, मी गुडघ्यांवर. त्यांनी कुणी मला आशीर्वाद दिला नाही. 'गुदगुल्या होतात हो,' एवढंच दोघे जण म्हणाले.

सात जणांचे चौदा ठसे सोबत आहेत. प्रत्येकावर नाव, वय आणि दुखरी जागा फुलीनं. खजिनदारांनी फुली चुकून करंगळीवर केली आहे. ती टाचेवर समजावी. अण्णाशास्त्रींचा कागद सर्वांत वर ठेवला आहे. कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: 'घरात वापरण्यासाठी. रंग शक्यतो काळा नको. दर्शनाताईंना नमस्कार.'

मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला नमस्कार लिहायचा नसतो, असं मी तुला लहानपणी शिकवलं होतं. पण त्यांच्या ओळीखाली थोडी जागा उरली होती. तिथे मी सही केली आहे.

दादा